शेवटच्या ओळीचे सात खिळे

माणसाच्या डोक्यावर दोन गोष्टी पक्क्या असल्या, की त्याने जगात कशालाही भ्यायचं कारण नाही. वर देव आणि देवाच्या खाली छत. डोंगरातल्या काठीधार गावच्या छापेरामने हा सिद्धांत माघातल्या एका दुपारी तंदूरच्या शेगडीजवळ बसून, चहाचा पेला गुडघ्यावर टेकवून मांडला. सिद्धांतात खोट एवढीच होती, की त्या दिवसांत देव गावात नव्हता आणि छताला सात खिळे कमी होते.

देव स्वर्गात गेला होता. तो दरवर्षी जातो. संक्रांतीला निघतो आणि बेचाळीस दिवसांनी परततो. तिकडे त्याचं काय काम असतं, याबद्दल गावात दोन मतं आहेत. काहींच्या मते तो तपाला बसतो. काहींच्या मते सगळ्या देवांची सभा असते, आणि ज्यांनी आपल्या पंचायतीची सभा पाहिली आहे त्यांना बेचाळीस दिवस कमीच वाटतात. तप असो की सभा, खालच्या गावातला गोंगाट वर पोचता कामा नये, यावर मात्र दुमत नाही. मंदिराची घंटा लोकरीच्या पट्टीने गुंडाळून बांधतात. गायींच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबतात. टीव्हीवरची माणसं नुसती तोंडं हलवतात. कुदळ मातीला लागत नाही, कुऱ्हाड लाकडाला लागत नाही, आणि हातोडा तर संक्रांतीच्या दिवशीच फडक्यात बांधून कणगीमागे टाकलेला असतो. माणसं बोलतात, पण शेजारी तान्हं मूल नुकतंच झोपलेलं असावं तशी.

हे सगळं नीट पाळलं जातंय की नाही, हे पाहण्याचं काम छापेरामकडे होतं. ते त्याला कोणी दिलं नव्हतं. त्याने घेतलं होतं, आणि बारा वर्षांत कोणी परत मागितलं नव्हतं. रोज सकाळी तो टोपी कपाळावर ओढून, पायात भांगेच्या सुतळीचे पुले घालून गावातून एक फेरी मारायचा. पुल्यांचा आवाज होत नाही, त्यामुळे तो खिडकीशी आलेला घरच्यांना कळत नसे. एकदा त्याने स्वतःच्या सासूला शिंक रजईत द्यायला लावली होती. मागच्या वर्षी शेजारच्या हुकमरामच्या घरात कुकरची शिट्टी झाली. एकच, आणि हुकमरामच्या म्हणण्याप्रमाणे तीही अर्धी. छापेरामने मंदिरासमोर लोक गोळा केले, कुजबुजत आरोप ठेवला, कुजबुजत साक्षी झाल्या आणि देव परतल्यावर हुकमरामला गावासाठी एक मेंढा द्यावा लागला. राजमा कच्चा राहिला असता, एवढाच त्याचा बचाव होता. मेंढा सगळ्यांनी खाल्ला. हुकमरामनेही खाल्ला, पण छापेरामकडे बघत बघत.

तर अशा माणसाच्या छताला सात खिळे कमी होते.

त्याचं असं झालं. छापेरामच्या घरावर आजोबांच्या वेळच्या काळ्या दगडी पाट्या होत्या. त्या झिजल्या, सरकल्या, गळू लागल्या. ठाकरीची, म्हणजे त्याच्या बायकोची, छाती थंडीत धरते. गेल्या हिवाळ्यात तिच्या अंथरुणावर बर्फाचं पाणी ठिबकलं आणि ती होळीपर्यंत खोकत होती. तेव्हा सफरचंदं उतरवून झाल्यावर छापेरामने पाट्या काढल्या आणि हिरवा पत्रा घातला. सुतार खालच्या खोऱ्यातून आला होता. त्याने सगळा पत्रा ठोकला, आढ्यावर दुमडलेल्या पत्र्याची लांब टोपी बसवली, तिच्या एका बाजूला खिळे मारले, दुसऱ्या बाजूला नुसती भोकं पाडून ठेवली आणि तो निघून गेला. यात त्याचा आळस नव्हता. काठीधारात शेवटच्या ओळीचे खिळे घरमालकाने स्वतःच्या हाताने ठोकायचे असतात, तेही संक्रांतीच्या सकाळी, म्हणजे देव जाताजाता त्या छतावर एक नजर टाकून जातो.

संक्रांतीच्या सकाळी छापेराम लवकर उठला. हातोडा घेतला, खिळे खिशात टाकले. तेवढ्यात ठाकरीने अक्रोडाचं सारण भरलेले सिड्डू वाफेवरून उतरवले. गरम सिड्डू फोडून त्यात वितळलेलं तूप ओतायचं असतं, आणि ते गार होईपर्यंत थांबणारा माणूस काठीधारात अजून जन्माला यायचा आहे. छापेरामने चार खाल्ले. देव दुपारी निघतो, अजून खूप वेळ आहे, असं म्हणून तो ओसरीवर उन्हात पाच मिनिटं टेकला. जाग आली तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं, मंदिराची घंटा बांधून झाली होती आणि देव गेलेला होता. खिसा चाचपला. खिळे सातही शाबूत होते.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. ठाकरीला सांगावं लागलं नाही, कारण हातोडा उशाशी ठेवून घोरणाऱ्या नवऱ्याला तिनेच पांघरूण घातलं होतं. उठवलं का नाहीस, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, दोनदा उठवलं, तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, तूप अजून आहे का.

पहिले अठरा दिवस वारा पडलेला होता. दोनदा बर्फ झाला, टोपीवर वीतभर थर बसला आणि त्या वजनाने पत्रा जागेवर राहिला. छापेरामला वाटू लागलं होतं, की देवाने जाताजाता त्या बाजूला नजर टाकली असावी. त्याच धीरावर त्याने तो तंदूरजवळचा सिद्धांत मांडला. ऐकायला ठाकरी होती आणि अंगणातून ताक मागायला आलेला हुकमराम होता. सिद्धांत संपला आणि वरून आवाज आला.

ढण.

हुकमरामने ताकाचा पेला खाली ठेवला. छताकडे बघितलं, मग छापेरामकडे बघितलं.

"छापे भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्याकडे राजमा शिजतोय का?"

छापेरामचे कान वर होते. वारा खिंडीकडून निघाला होता. तो आधी वरच्या देवदारांतून ऐकू येतो, मग सफरचंदाच्या बागेतून आणि मग घरावर. देवदार घुमले. बाग सळसळली. छापेरामने श्वास धरला.

ढण.

त्याला दोन भीतींनी मिळून धरलं. एक भीती देवाची. या दिवसांत आवाज करणाऱ्याचं काय होतं, हे गावातल्या पोरालाही पाठ होतं, कारण छापेरामनेच ते पाठ करून घेतलं होतं. आणि दुसरी भीती पत्र्याची. पत्र्याचं छत एकदम उडत नाही. आधी एक कड उचलली जाते. वारा तिच्याखाली बोट घालतो. मग एका खिळ्यामागून दुसरा निघतो आणि शेवटी सगळं छत वहीचं पान फाडावं तसं निघून जातं. तीन वर्षांपूर्वी खालच्या गावात असं गेलेलं छापेरामने डोळ्यांनी पाहिलं होतं. उडालेल्या पत्र्याने सफरचंदाचं झाड मुळा कापावा तसं मधोमध कापलं होतं. ते घर मग चैत्रापर्यंत गोठ्यात राहिलं. त्या घरातली म्हातारी चैत्रापर्यंत राहिली नाही.

ठाकरी तोंडावर लोकरीच्या पट्टूचा पदर दाबून खोकली. सवयीने, रजईत शिंकल्यासारखी. छापेरामने तिच्याकडे बघितलं आणि तो उठला.

पहिला उपाय त्याने दोरीचा केला. बकरीच्या केसांची लांब दोरी छतावरून पलीकडे टाकली आणि दोन्ही टोकांना दगडांची पोती बांधली. दोरी सकाळपर्यंत गोठून काठीसारखी झाली, आणि वारा आला की पोत्यातले दगड भिंतीवर येऊन थाप मारू लागले. आता ढणच्या जोडीला धप झालं. त्याने दोरी काढली. मग देवदाराची राळ तंदूरवर वितळवून, शिडीवरून हात पोचेल तिथवर पत्र्याच्या कडेखाली भरली. थंडीत राळ काचेसारखी कडक झाली आणि दुसऱ्या दिवशी तडकली. तडकताना जो आवाज झाला तो ऐकून तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्या दिवशी त्याने लोकरीची दोन पोती टोपीवर टाकून पाहिली. वाऱ्याने ती उचलून शाळामास्तरांच्या अंगणात नेऊन ठेवली. मास्तर सज्जन होते. त्यांनी पोती परत आणून दिली आणि काही विचारलं नाही. छापेरामला वाटलं, त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मास्तरांच्या गजराच्या घड्याळातली सेलं त्याने स्वतःच्या हाताने काढून नेली होती, आणि ती अजून त्याच्याच फडताळात होती.

सकाळची फेरी बंद झाली. कोणी काही बोलत नव्हतं. न बोलायला त्या दिवसांत कारण लागत नाही, त्यामुळे लोक नुसते गप्प आहेत की त्याच्याविषयी गप्प आहेत, हे कळायला मार्ग नव्हता. छापेराम दिवसभर ओसरीवर बसून देवदारांकडे बघायचा. फांदी हलली की त्याचे दात आपोआप आवळले जायचे. जेवताना तो घास तोंडात धरून थांबायचा. ठाकरी म्हणाली, असं करून वारा थांबत असता तर मी तुम्हाला चैत्रापर्यंत उपाशी ठेवलं असतं.

शेवटी तो गुराकडे गेला. नोखूराम गूर म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो आणि ज्याच्या तोंडून देव बोलतो तो माणूस. सत्तरीचा होता, गुडघे गेलेले होते. तो मंदिराच्या पडवीत बसून एका पातेल्याकडे बघत होता. पातेल्यात वरून थेंब पडत होता. पातेल्याच्या तळाशी चिंधी अंथरली होती, म्हणजे थेंबाचाही आवाज होऊ नये.

छापेरामने सगळं सांगितलं. सिड्डूंचंही सांगितलं, फक्त चारचे दोन केले. मग विचारलं, की एकच खिळा, अगदी एकच, उशी ठेवून मारला तर देव काय म्हणेल.

"मला काय विचारतोस?" गूर म्हणाला. "देव असेल तेव्हा मी गूर. आता देव तिकडे. माझ्याकडे सध्या फक्त गुडघे आहेत."

"पण चाचा, तुम्हाला अंदाज असेल."

"अंदाज कसला? चाळीस वर्षं तो माझ्या तोंडून बोलतोय. मला विचारून एकदाही बोललेला नाही."

छापेरामने पातेल्याकडे बघितलं. क्षमा मागायची तर ती कोणाकडे, हा प्रश्न त्याला तोवर पडला नव्हता. गुन्हा आत्ता होतो आणि न्यायाधीश बाहेरगावी, अशी ती व्यवस्था होती, आणि बारा वर्षं तिचा पहारेकरी तोच होता.

गुराने पातेलं उचलून पडवीबाहेर हळूच ओतलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. आभाळाकडे बघून म्हणाला, परवा मोठं येतंय, गुडघे सांगतात. मग म्हणाला, खिळा ठोकलास तर आवाज होईल आणि नाही ठोकलास तर सगळं छत जाईल, त्याचाही आवाजच होईल, तेव्हा कुठला आवाज लहान ते तुझं तू बघ. छापेराम उठला तेव्हा तो पाठीमागून एवढंच म्हणाला, की ठाकरीला आमच्या घरी पाठवून दे, तिकडे ऊब आहे.

ठाकरी गेली नाही. छत जाणार असेल तर ते बघायला घरचं कोणीतरी हवं, असं तिचं म्हणणं पडलं.

परवाचं आलं ते परवा दुपारी. सकाळपासून आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं आणि पक्षी गप्प होते. खिंडीच्या तोंडाशी पांढरी भिंत उभी राहिली आणि खाली सरकू लागली. पहिल्याच झोताने आढ्यावरचा बर्फ झाडून नेला आणि टोपीची मोकळी कड उचलली. ढण. मग ढण, ढण. मग आवाज बदलला. पत्रा आपटत नव्हता, थरथरत होता, आणि त्यात मधूनच एक करकर येत होती. छापेरामला ती करकर ओळखीची होती. खालच्या गावातलं छत जाण्याआधी असंच करकरलं होतं. पलीकडच्या बाजूचा एखादा खिळा आता लाकडातून वर यायला लागला होता.

त्याने कणगीमागून फडकं काढलं. हातोडा हातात घेतला. वर बघितलं, ठाकरीकडे बघितलं. ठाकरी म्हणाली, मी सांगणार नाही, ठोका म्हणून, आणि नका ठोकू म्हणूनही सांगणार नाही.

तेवढ्यात दारात हुकमराम आला. अंगावर बर्फ, कमरेला दोरी आणि हातात एक छोटी डबी.

"तो हातोडा ठेव आधी," हुकमराम म्हणाला. "मेंढा मोठा द्यावा लागेल."

"चेष्टा नको हुकम. छत चाललंय."

"ते सगळ्या गावाला ऐकू येतंय." त्याने डबी उघडली. आत स्क्रू होते, बोटाएवढे, आणि एक स्क्रूड्रायव्हर होता. "भोकं पाडलेली आहेत ना? मग ठोकायचं कशाला? पिळायचं. पिळण्याचा आवाज होत नाही."

छापेराम त्या डबीकडे बघत राहिला. तीन दिवस तो दोऱ्या, राळ आणि पोती घेऊन शिडीवर चढउतार करत होता आणि उपाय शेजारच्या घरात, कुकरच्या फळीवर पडून होता.

"तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. आणि मागच्या वर्षी तूच म्हणालास, हुकमरामच्या घरातून चमच्याचाही आवाज नको." त्याने स्क्रू हातात घेऊन फिरवला. "फक्त कोरड्या लाकडात तो कुरकुरतो. काहीतरी लावायला हवं."

ठाकरीने तुपाचं मडकं पुढे केलं.

दोघं मागच्या शिडीने चढले. पायात पुले, कमरेला एकच दोरी, तिचं एक टोक धुराड्याच्या दगडी बुडाला बांधलेलं. छापेराम जाड होता आणि टोपीवर वजन हवं होतं, म्हणून तो पुढे. आढ्यावर पोचल्यावर त्याला दिसायचं बंद झालं. बर्फ खालून वर येत होता. त्याने आढ्यावर दोन बाजूंना पाय टाकले आणि पोटावर आडवा झाला, घोड्यावर झोपल्यासारखा. त्याच्या छातीखाली पत्रा जिवंत होता. झोत आला की तो पत्रा त्याला उचलायचा, अख्ख्या छापेरामला, चार बोटं वर, आणि पुन्हा खाली ठेवायचा. हातांखालून खाली जाणारा हिरवा उतार बर्फाने पांढरा झाला होता आणि त्याच्या शेवटी काही नव्हतं. त्याने डोक्यावरची टोपी काढून दातांत धरली, कारण तोंडातून काय निघेल याचा त्याला भरवसा राहिला नव्हता.

हुकमराम मागून सरपटत आला. तुपात बुडवलेला पहिला स्क्रू भोकात बसवला आणि पिळायला लागला. छापेरामने आयुष्यात इतकं सावकाश काही पाहिलं नव्हतं. एक स्क्रू. दुसरा. तिसऱ्याला हुकमरामची बोटं चालेनात, त्याने ती छापेरामच्या मानेत घालून गरम केली. छापेराम टोपी चावत राहिला. चौथा. पाचव्यानंतर पत्र्याची थरथर कमी झाली. सहाव्यानंतर तो उचलला जायचा थांबला. वारा तसाच होता, पण आता तो छताखाली जात नव्हता, वरून जात होता. छापेरामच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच गोठलं.

सातवा स्क्रू हुकमरामच्या बोटांतून निसटला. तुपामुळे. तो पत्र्यावरून टिक् टिक् करत गेला आणि त्याच्या मागे, त्या एवढ्याशा धक्क्याने की छापेरामने तो पकडायला पाय उचलल्यामुळे, पूर्वेकडच्या उतारावरचा सगळा बर्फ हलला.

पत्र्यावरचा बर्फ दगडी पाट्यांवरच्यासारखा पडून राहत नाही. खाली तंदूरची ऊब असते, मधे पाण्याचा पातळ थर असतो, आणि एकदा निघाला की सगळा एकत्र निघतो. छापेराम त्याच्याबरोबर निघाला. दोरी कमरेशी होती, पण ती तुपाच्या हातांनी बांधलेली होती. तो बसलेला गेला, हात पसरलेला गेला, आणि छताच्या कडेवरून गेला. तीन ट्रॅक्टर भरतील एवढा बर्फ दोन मजल्यांवरून अंगणात पडला. काठीधारात त्या बेचाळीस दिवसांत, कोणाच्याही आठवणीत, एवढा मोठा आवाज झाला नव्हता.

सगळं गाव बाहेर आलं. अंगणात बर्फाचा ढीग होता आणि त्यातून दोन पुले वर आले होते. मास्तरांनी आणि दोघातिघांनी हातांनी उकरून छापेरामला बाहेर काढलं. तो धडधाकट होता. दातांत टोपी होती. लोक एकमेकांकडे बघत होते. मग हुकमराम आढ्यावरून, धुराड्याला मिठी मारून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला:

"बर्फ पडला. बर्फाने पडू नये असं देवाने कधी सांगितलेलं नाही."

लोकांना ते पटलं. मास्तर तर म्हणाले, की माणूस दोन मजले खाली आला आणि त्याने साधं हाय केलं नाही, ही खरी निष्ठा. घरी जाताना दोघा म्हाताऱ्यांनी छापेरामच्या पाठीवर हात फिरवला. त्याची फेरी पुन्हा सुरू व्हावी, असंही कोणी म्हणालं.

छापेराम त्यानंतर देव परतेपर्यंत झोपला नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. झोपायचा, पण दचकून उठायचा. सहा स्क्रूंवरही छत आता पक्कं होतं. वारे आले, गेले, पत्रा हूं की चूं करत नव्हता. ठाकरीचा खोकलाही कमी झाला. पण जे गावाला माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं. तो ओरडला होता. कडेवरून जाताना टोपी दातांतून सुटली आणि त्याने जन्मात मारली नसेल एवढी मोठी हाक मारली होती, "आमाऽऽ!" म्हणून, आपल्या पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या आईला. बर्फाच्या आवाजात ती बुडाली. ढिगाच्या आत टोपी हाताला लागली आणि त्याने ती घाईघाईने परत दातांत धरली. माणसांना फसवता आलं. पण देव वरून ऐकतो, आणि वर बर्फाचा आवाज नसतो.

देव जाताना मंदिरात चाळलेल्या मातीचा लेप घालून दार बंद करतात. परतल्यावर तो लेप उघडतात आणि त्यात जे सापडेल तसं वर्ष जातं. फूल निघालं तर भरभराट. कोळसा निघाला तर आग. माणसाचा केस निघाला तर माणूस जातो. छापेरामने आरशात बघून आपले केस मोजता येतील का, याचा अंदाज घेतला. मग ठाकरीच्या केसांकडे बघितलं आणि आरसा उलटा करून ठेवला.

एकदा त्याने तिला सांगितलं. ती गव्हाचं पीठ मळत होती. म्हणाली, मी ऐकलं होतं. खिडकीशीच होते. मग पुढे काय, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, पुढे काय, मला वाटलं, नाव माझं घ्याल.

बेचाळिसाव्या दिवशी घंटा सोडली. ढोल वाजले, करनाळ वाजली, गावातल्या प्रत्येक कुकरने शिट्टी दिली, आणि छापेरामला त्यातल्या एकाही आवाजाचा आनंद झाला नाही. तो मंदिराच्या अंगणात सगळ्यांच्या मागे उभा राहिला. दार उघडलं. मंदिराचा कारभार बघणाऱ्या कारदाराने लेपाची माती परातीत काढली आणि बोटांनी सावकाश फोडू लागला. एक ढेकूळ. दुसरं ढेकूळ. छापेरामला आपल्या कानशिलात वारा ऐकू येत होता.

"पाकळी," कारदार म्हणाला. "पिवळी. आणि जवाचे दोन दाणे."

लोकांनी श्वास सोडला. छापेरामने सोडला नाही, कारण त्याच क्षणी पडवीत बसलेला नोखूराम गूर थरथरायला लागला. टोपी उडाली, पांढरे केस विस्कटले, गुडघे गेलेला माणूस ताडकन उभा राहिला. ढोल थांबले. गूर गर्दीतून वाट काढत सरळ आला आणि छापेरामसमोर थांबला. त्याचे डोळे माणसाचे नव्हते.

"छापेरामा," तो म्हणाला, आणि तो आवाज नोखूरामचा नव्हता. "मी दूर होतो. पण मी ऐकलं."

छापेराम बर्फात पडला आणि त्याने कपाळ जमिनीला टेकवलं. त्याला सगळं कबूल करायचं होतं, टोपी, हाक, चार सिड्डू, मास्तरांची सेलं, हुकमरामचा मेंढा, पण सुरुवात कुठून करायची ते त्याला कळेना. मागे हुकमराम उभा होता. त्याचंही तोंड पांढरं पडलं होतं. सगळं गाव दगडासारखं उभं होतं. मंदिराच्या पडवीत कुठेतरी एक थेंब पातेल्यात पडला. चिंधी आता काढलेली होती, त्यामुळे तो स्पष्ट ऐकू आला.

गुराने मान वळवून त्या थेंबाकडे बघितलं. मग पुन्हा छापेरामकडे.

"ते स्क्रू," देव म्हणाला, "त्यातले उरले असतील तर माझ्या पडवीला चार लावून दे. आणि येताना तूप आण."